गडमाथ्यावरच्या टाक्यात मे महिन्यातही पाणी असते, ते कशामुळे?

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांतले ११ महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूत. मुंबईहून पहाटेच्या लोकलने कर्जत किंवा कसारा गाठून गडवाटा चालणाऱ्या आम्हा सर्वांना या निर्णयाचा मनापासून आनंद झाला. मात्र गडांची ओळख करून देणाऱ्या चित्रफितींत एक विधान पुन्हा पुन्हा कानी पडते आणि त्याचा समाचार घेणे मला आवश्यक वाटते. ते विधान असे की, गडावरच्या टाक्याला पाताळातून झरा लागलेला आहे, तो खालच्या नदीशी किंवा थेट समुद्राशी जोडलेला आहे आणि म्हणूनच ते टाके कधी आटत नाही.

पाणी आपल्या उगमाच्या पातळीपेक्षा वर स्वतःहून चढत नाही, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. हरिश्चंद्रगडाची उंची १४२४ मीटर आहे. तेथल्या टाक्यात खालून पाणी ढकलायचे असेल तर त्याहून उंच ठिकाणी साठा हवा आणि आसपास तसा साठा कोठेही नाही. यावर काही जण केशाकर्षणाचा दाखला देतात. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे दगडातल्या बारीक भेगांतून पाणी चढत असेल, असे त्यांचे म्हणणे असते. हा हिशेब सहज करता येतो. पाण्याचा पृष्ठताण लक्षात घेतला तर ०.१ मिलिमीटर रुंदीच्या भेगेत पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढते. भेग दहापट अरुंद केली तर ते दीड मीटर चढेल. शिवाय ज्या आकर्षणाने ते चढते तेच त्याला भेगेत धरून ठेवते, त्यामुळे ते भेगेबाहेर ओघळून टाके भरणार नाही. तेव्हा गडावरचे पाणी वरूनच आलेले असते आणि ते पावसाचेच असते. विचारण्यासारखा प्रश्न वेगळा आहे: सप्टेंबरअखेर संपलेला पाऊस मे महिन्यापर्यंत डोंगरात थांबतो कसा?

त्याचे अर्धे उत्तर आपण ज्या वाटेने चढतो तिच्यातच दिसते. सह्याद्रीतली कोणतीही गडवाट आठवावी. आधी झाडीतला चढ, मग सपाट पदर, मग उभा कातळकडा, त्यावर माची, पुन्हा कडा आणि शेवटी बालेकिल्ला, अशी तिची रचना असते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथे जमिनीच्या भेगांतून लाव्हाचे पूर एकामागून एक बाहेर पडले आणि थरावर थर साचत गेले. आजही हे थर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेले आहेत आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात त्यांची एकूण जाडी २ किलोमीटरपेक्षा अधिक भरते. प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश निवून घट्ट झाला, तर वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून त्याला अनारशासारखी जाळी पडली. घट्ट भागाचे उभे कडे होतात. जाळीदार भाग लवकर झिजतो आणि त्याचे उतार व पदर होतात. दोन उद्रेकांमध्ये दीर्घ काळ गेला असेल तेथे खालच्या थराचा माथा कुजून त्याची माती झाली आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून तांबडी झाली. घाटातून जाताना काळ्या दगडात मध्येच दिसणारी विटकरी पट्टी ती हीच. भूशास्त्रज्ञ तिला रेड बोल म्हणतात.

पाण्याच्या दृष्टीने या तीन घटकांचे स्वभाव निरनिराळे आहेत. घट्ट बेसॉल्टच्या, म्हणजे लाव्हा निवून झालेल्या या काळ्या दगडाच्या, अंगात पाणी जवळजवळ मुरत नाही. लाव्हा निवताना आकसून ज्या भेगा पडल्या त्यांतूनच ते उतरते. जाळीदार दगड सच्छिद्र दिसत असला तरी ताज्या दगडातली छिद्रे एकमेकांना जोडलेली नसतात, शिवाय अनेक छिद्रांत झिओलाइट, स्फटिक किंवा कॅल्साइट अशी खनिजे भरलेली असतात. दगड झिजू लागला, त्यात आडव्या चिरा पडल्या, म्हणजे मात्र तो पाणी धरू लागतो. तांबड्या थरातली चिकणमाती भिजली की फुगते आणि पाण्याला खाली जाऊ देत नाही. त्यामुळे वरच्या कातळातून उतरलेले पाणी या थरावर अडते, आडवे वाहू लागते आणि जेथे हा थर डोंगराच्या अंगावर उघडा पडतो तेथे पाझरते. कड्याच्या पायथ्याशी, पदराच्या आतल्या कडेला, सगळे गवत वाळलेले असताना एखादाच हिरवा पट्टा दिसतो तो या पाझराचा. लेणी आणि टाकी खोदणाऱ्यांनी तो नक्कीच पाहिला असणार. कर्नाळ्याच्या सुळक्याच्या पायथ्याशी असलेली टाक्यांची रांग पाहताना माझी नजर पाण्याआधी वरच्या कातळातल्या उभ्या भेगांकडे जाते.

आता माझ्या सर्वांत आवडत्या भागाकडे येतो. कातळातल्या भेगा निरनिराळ्या रुंदीच्या असतात आणि पाण्याचे सारे गणित त्या रुंदीवर अवलंबून असते. भेगेच्या दोन्ही भिंतींना टेकलेले पाणी स्थिर असते. भिंतीपासून जसजसे दूर जावे तसतसा त्याचा वेग वाढतो आणि मधोमध तो सर्वाधिक असतो. भेग दुप्पट रुंद केली तर हा सरासरी वेग चौपट होतो आणि वाहायला जागाही दुप्पट मिळते. चार गुणिले दोन म्हणजे आठ. याचा अर्थ असा की, भेगेतून वाहणाऱ्या पाण्याचे प्रमाण रुंदीच्या घनानुसार बदलते, म्हणून याला घनाचा नियम म्हणतात.

या नियमाचा परिणाम किती मोठा आहे ते आकड्यांवरून लक्षात येईल. भेग सरळ आणि गुळगुळीत आहे, तिचा उतार २० मीटरला १ मीटर आहे आणि पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअस आहे असे धरू. १ मिलिमीटर रुंदीच्या भेगेतून, तिच्या तोंडाच्या प्रत्येक मीटर लांबीमागे, दिवसाला सुमारे ३,५०० लिटर पाणी बाहेर पडेल. ०.१ मिलिमीटर रुंदीच्या भेगेतून ३.५ लिटर पडेल. ०.०१ मिलिमीटर रुंदीच्या भेगेतून केवळ ३.५ मिलिलिटर, म्हणजे छोटा चमचाभर. या शेवटच्या भेगेत पाण्याचा वेग दिवसाला सुमारे ३५ सेंटिमीटर पडतो. सप्टेंबरअखेर ते मेअखेर हे आठ महिने २४० दिवसांचे धरले तर एवढ्या काळात ते पाणी जेमतेम ८५ मीटर सरकेल. अनेक गडांच्या माथ्याची रुंदी साधारण याच मापाची असते.

खऱ्या कातळातल्या भेगा अर्थातच वाकड्यातिकड्या असतात, मातीने अर्धवट बुजलेल्या असतात आणि एकमेकींना छेदतात. अशा जाळ्यात वाटेतली सर्वांत अरुंद जागा सगळ्या वाटेचा वेग ठरवते. म्हणून रुंद भेगांतले पाणी पावसाळ्यातच धबधबे होऊन निघून जाते आणि उन्हाळ्यात जे ठिबकते ते बारीक चिरांनी अडवून धरलेले असते. त्यातही ते एका गतीने येत नाही. साठा कमी होतो तसा त्याचा दाब कमी होतो आणि बाहेर पडण्याचा वेगही मंदावतो. एखाद्या झऱ्याचा प्रवाह दर दोन महिन्यांनी निम्मा होतो असे मानले तर आठ महिन्यांनी तो सोळावा हिस्सा उरतो. क्षीण होतो, पण शून्य होत नाही. ‘कधी न आटणाऱ्या’ झऱ्याचे रहस्य या घटत्या श्रेणीत आहे.

एवढ्या क्षीण पाझरावर गड नांदणार नाही, म्हणून टाके लागते. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ४ मीटर खोल अशा टाक्यात २ लाख लिटर पाणी मावते. सह्याद्रीच्या माथ्यावर ३,००० मिलिमीटर पाऊस धरला, आणि अनेक ठिकाणी तो याहून बराच अधिक असतो, तर १०० चौरस मीटर उतरत्या कातळावर ३ लाख लिटर पाणी पडते, म्हणजे टाके भरायला तेवढा कातळ पुरतो. कान्हेरीला, मुंबईच्याच हद्दीत, लेण्यांच्या माथ्यावर कोरलेले पन्हाळ आणि दाराशी असलेली टाकी याच हिशेबाने खोदलेली आहेत, आणि तेथल्या शिलालेखांत टाके दान दिल्याच्या नोंदी आहेत. नाणेघाटात, सातवाहनांच्या लेण्याजवळ, घाट चढून येणाऱ्या वाटसरूंसाठी अशीच टाकी आहेत.

साठवलेले पाणी टिकवण्यात बाष्पीभवनाचा अडथळा असतो. उघड्या टाक्यातून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले तर आठ महिन्यांत पातळी १.२ मीटरने उतरते. मीटरभर खोलीचे तळे तेवढ्यानेच कोरडे पडेल, ४ मीटर खोल टाक्यात मात्र १ लाख ४० हजार लिटर पाणी उरेल. म्हणून खोली महत्त्वाची. खांबटाक्यांची रचना याहून सरस आहे. कातळाच्या पोटात, खांब राखून खोदलेल्या या टाक्यांवर ऊन पडत नाही, वारा फिरत नाही आणि पाण्यावरची हवा दमट राहते. पाण्याचे तापमान ३० अंशांवरून २० अंशांवर आले की त्याचा संपृक्त बाष्पदाब सुमारे ४५ टक्क्यांनी घटतो, म्हणजे उडून जाण्याची ओढच कमी होते. अंधारामुळे शेवाळही फारसे माजत नाही.

पाण्याविषयीची ही दक्षता रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, १८ व्या शतकाच्या आरंभीच्या त्या राजनीतीच्या ग्रंथात, स्पष्टपणे नोंदलेली आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, झरा असला तरी त्यावर विसंबू नये, राखीव टाकी बांधून त्यांतले पाणी खर्चू नये, असा त्याचा आशय आहे आणि कारण असे दिले आहे की लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात व पाण्याचा खर्च वाढतो. मला हे वाक्य फार मोलाचे वाटते. जमिनीला हादरा बसला की बारीक चिरा सरकतात, मोकळ्या होतात किंवा गाळाने बुजतात आणि भूकंपानंतर झऱ्यांचा प्रवाह बदलल्याच्या नोंदी जगभर आहेत. घनाच्या नियमानुसार चिरेची रुंदी निम्मी झाली तरी प्रवाह आठव्या हिश्शावर येतो. तोफेच्या आवाजाने एवढे घडेल असे मी म्हणणार नाही, परंतु झऱ्याचा भरवसा धरू नये हा निष्कर्ष अगदी बरोबर आहे.

त्या तुलनेत आज सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी पाहून वाईट वाटते. हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वराच्या लेण्यात शिवलिंगाभोवती कंबरभर थंड पाणी असते आणि चार खांबांपैकी एकच अखंड उरला आहे. चार खांब म्हणजे चार युगे, शेवटचा खांब कोसळला की जगाचा अंत, असे तेथे येणाऱ्या मुलांना सांगितले जाते. खांब हा दगड आहे. पाणी, क्षार आणि तापमानातले चढउतार यांनी तो झिजतो आणि त्याचा युगांशी काहीही संबंध नाही. पाणी थंड असते कारण त्यावर ऊन पडत नाही आणि भोवतालचा जाड कातळ वर्षभर जवळपास एकाच तापमानाला राहतो. टाक्यातले पाणी औषधी असते हा समजही असाच निराधार आहे. भेगांतून आलेले पाणी वाळूतून गाळल्यासारखे शुद्ध होत नाही, आणि उघड्या टाक्यात जनावरांची घाण व पालापाचोळा पडतोच. ते उकळून किंवा जंतुनाशक टाकूनच प्यावे.

अलीकडे अनेक गडांवर तरुण मंडळी टाक्यांतला गाळ काढतात आणि ते काम फार मोलाचे आहे, कारण गाळ साठवणीची जागा तर खातोच, शिवाय पाझराच्या चिराही बुजवतो. मात्र गाळ काढल्यावर टाक्याला आतून सरसकट सिमेंट लावण्याची सूचना कोणी केली तर तिला विरोध करावा. टाक्याच्या डोंगराकडच्या भिंतीतल्या चिरा बहुधा पाणी आत आणतात आणि दरीकडच्या भिंतीतल्या ते बाहेर घालवतात. दोन्ही एकदम बुजवल्या तर गळती थांबेल, पण पाझरही थांबेल. कोणती चीर कोणत्या बाजूची हे ओळखता येते. पाऊस संपल्यावर महिन्याभराने टाके उपसून दोन दिवस तसेच ठेवावे; जी भिंत ओली राहते तिला हात लावू नये. टाके भरलेले असताना खालच्या उतारावर जेथे ओल उमटते तेथपर्यंत जाणारी चीर शोधावी आणि पुरातत्त्व खात्याची परवानगी घेऊन, जाणकाराच्या देखरेखीखाली, तेवढीच बंद करावी.