भुकटी नव्हे, थर

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात रसायने, रंग आणि औषधे तयार करणारे कारखाने आहेत, आणि पश्चिमेस ठाणे खाडी आहे, जिच्यातील फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. अशा कारखान्यांच्या सांडपाण्याच्या शुद्धीकरणात मोठा वाटा जिवाणूंचा असतो. मात्र कापड रंगवण्याच्या अझो रंगांसारखे चिवट रेणू हवेवर जगणाऱ्या जिवाणूंना सहजी पचत नाहीत. तेथे प्रकाश-उत्प्रेरक, म्हणजे प्रकाश पडल्यावर रासायनिक क्रिया घडवून आणणारे पदार्थ, उपयोगी पडू शकतात.

१९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश टाकून पाण्याचे विघटन करून दाखवले. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तेच हे द्रव्य. प्रकाश पडताच त्यातील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात जातो, मागे उरलेली धन पोकळी पाण्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावते आणि हायड्रॉक्सिल मूलक हा अतिशय क्रियाशील कण तयार होतो, जो समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचे तुकडे पाडतो.

चंचुपात्रात भुकटी ढवळली की हे उत्तम घडते. अडचण नंतर येते. वीस-पंचवीस नॅनोमीटरचे कण तळाशी बसत नाहीत, साध्या गाळणीत अडकत नाहीत आणि पाण्याबरोबर खाडीत गेले तर रोगापेक्षा उपाय जड व्हायचा. म्हणून उत्प्रेरक काच, सिरॅमिक किंवा पोलादी जाळीवरच वाढवतात.

झिंक ऑक्साइड या दुसऱ्या प्रकाश-उत्प्रेरकाचा थर वाढवण्याची रीत भातशेतीची आठवण करून देते. काचेवर आधी बीजकणांचा थर देतात आणि ती झिंक नायट्रेट व हेक्झामिनच्या द्रावणात सुमारे ९० अंश सेल्सिअसला काही तास ठेवतात; बीजकणांवर नॅनोदंड, म्हणजे अतिसूक्ष्म दांडे, उभे राहतात. भाताचे रोप उपटून दुसरीकडे लावतात, येथे मात्र बी पडते तेथेच पीक येते. आम्लधर्मी सांडपाण्यात हे पीक विरघळते, हा त्याचा मोठा दोष.

टायटॅनियम डायऑक्साइड अधिक टिकाऊ आहे. काच द्रावणात बुडवून सावकाश वर ओढतात आणि ४५० ते ५०० अंशांवर भाजतात, म्हणजे अ‍ॅनाटेज हे क्रियाशील स्फटिकरूप मिळते. साध्या काचेतील सोडियम भाजताना थरात शिरून क्रियाशीलता घटवतो, म्हणून मध्ये सिलिकाचा अस्तरथर द्यावा लागतो. माझ्या मते या तंत्राचे खरे कसब अशा बारकाव्यांतच आहे.

थराची किंमतही मोजावी लागते: पृष्ठभाग भुकटीपेक्षा कमी मिळतो आणि प्रदूषकाला थरापर्यंत स्वतः पोहोचावे लागते. शिवाय गढूळ पाणी प्रकाश अडवते, पाण्यातील क्लोराइड व बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलकांना खाऊन टाकतात, आणि सूर्यप्रकाशातील अतिनील भाग जेमतेम पाच टक्के असतो. त्यामुळे या थराची जागा शुद्धीकरणाच्या अखेरच्या टप्प्यावर आहे. तेथेही पाण्याचा रंग उडाला एवढ्यावर भागत नाही, कारण रंगाचा रेणू तुटला तरी त्याचे तुकडे पाण्यातच असू शकतात; ते मोजण्यासाठी सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) किंवा एकूण सेंद्रिय कार्बनची चाचणी करावी लागते.