पार्श्वभूमी : ‘मुक्त सोने’ नेमके कशाला म्हणायचे?

सोने तळाला बसते आणि रेती वाहून जाते, हे सोनारांच्या दुकानांतली धूळ धुणाऱ्या झारेकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. कॅलिफोर्नियात १८४९ नंतर परातींच्या जोडीला लांब लाकडी स्लूस (पाणी वाहते ठेवून सोने तळाशी धरणारी पन्हाळी) आले, तत्त्व तेच राहिले. पेच पडला तो कठीण खडकातले सोने दळून काढायची वेळ आल्यावर.

कर्नाटकातल्या कोलारसारख्या खाणींत खनिज स्टँप मिलमध्ये, म्हणजे जड मुसळांच्या यंत्रात, कुटून पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून सोडत. पत्र्याला चिकटेल ते मुक्त सोने, इतका सरळ हिशोब होता. १८८७ मध्ये सोने सायनाइडच्या द्रावणात विरघळवून काढण्याच्या पद्धतीचे पेटंट निघाले आणि पत्र्यावरून निसटलेले बारीक सोनेही हाती येऊ लागले. मग जिग आणि शेकिंग टेबलासारखी, वजनाच्या फरकाने सोने वेगळे करणारी गुरुत्वाची यंत्रे हवीतच कशाला? पारा कामगारांच्या अंगात भिनत होता, टेबलावरचे उघडे सोने चोरीला जात होते. सायनाइडच्या गाळातले सोने कोळशाच्या दाण्यांवर धरण्याची पद्धत १९८० च्या दशकात पसरली आणि जिग-टेबलांची गरज अनेकांना उरलीच नाही असे वाटले.

हा निष्कर्ष घाईचा होता. भरड कण सायनाइडमध्ये फार सावकाश विरघळतो, टाकीत मिळणारा दिवसभराचा वेळ त्याला पुरत नाही. शिवाय सोने दळले तरी फुटत नाही, चपटे होते. जड असल्याने सायक्लोन, म्हणजे गाळ गरगर फिरवून जड-भरड कण वेगळे काढणारे यंत्र, त्याला पुन्हा पुन्हा दळणाऱ्या मिलकडे परत पाठवते. ते त्या फेऱ्यात साचते, मिलच्या आतल्या अस्तराच्या (लायनरच्या) फटींत अडकते. म्हणजे पकडायची जागा तिथेच आहे, टाकीत नाही.

त्याच १९८० च्या दशकात कॅनडात सेंट्रिफ्यूगल कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे वेगाने फिरवून जड सोने वेगळे करणारे यंत्र, पुढे आले. फिरत्या शंकूत गुरुत्वाच्या सुमारे ६० पट जोर मिळतो आणि खोबणींत मागून सोडलेले पाणी थर घट्ट होऊ देत नाही. माल बंद यंत्रातच राहतो, त्यामुळे चोरीची धास्तीही बरीच कमी झाली.

‘मुक्त’ या शब्दाचा घोळ मात्र वाढला. भूवैज्ञानिकाला मुक्त म्हणजे भिंगातून सुटे दिसणारे. पण सुटा कण फार बारीक वा पातळ असला तर यंत्र तो धरत नाही, आणि थोडी गारगोटी चिकटलेला जाड कण सहज धरते. म्हणून १९९० च्या दशकात गुरुत्वाने मिळू शकणारे सोने वेगळे मोजायची चाचणी रूढ झाली: नमुना तीन टप्प्यांत अधिकाधिक बारीक दळायचा आणि दर टप्प्याला प्रयोगशाळेतल्या कॉन्सन्ट्रेटरमधून काढायचा. येणारा आकडा ही कमाल मर्यादा असते. कारखान्यात फिरत्या गाळाचा एखादा हिस्साच यंत्रातून जातो, त्यामुळे हाती कमीच लागते. तोच आकडा वसुलीचा अंदाज मानून यंत्र घेणे ही सर्वांत महागडी चूक. सोने पायराइटमध्ये (लोखंड-गंधकाच्या खनिजात) अडकलेले असेल तर हे यंत्र फारसे कामाचे नाही, तिथे फ्लोटेशनच, म्हणजे खनिज हवेच्या बुडबुड्यांना चिकटवून वर काढण्याची पद्धत, लागते.

पाऱ्याचा वापर घटवण्याचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१७ मध्ये लागू झाला. तेव्हापासून लहान खाणींत स्लूस आणि शेकिंग टेबलांना नव्याने मागणी आहे, आणि मिळालेला माल पाऱ्याऐवजी टाकणखार घालून थेट वितळवण्याचा आग्रह धरला जातो.