पाकिटावर डोलेराईटपासूनचे अंतर लिहा
कोअर (विहिरीतून काढलेला खडकाचा दांडा) व कटिंग्ज (ड्रिलिंगमध्ये वर येणारे खडकाचे तुकडे) यांचे नमुने पाठवणाऱ्या ग्राहकांसाठी

शेलचा (चिखलापासून बनलेल्या पातळ थरांच्या खडकाचा) किंवा कोळशाचा नमुना पाठवताना बहुतेक जण विहिरीचा क्रमांक आणि खोली लिहितात. त्याच विहिरीत डोलेराईटची, म्हणजे शिलारस (वितळलेला खडक) निवून झालेल्या काळपट खडकाची, सिल (थरांना समांतर घुसलेली पट्टी) किंवा डाइक (थर छेदून घुसलेली भिंत) लागली असेल, तर ती नमुन्यापासून किती मीटरवर आहे, हे मात्र पाकिटावर क्वचितच असते. ते माहीत नसेल तर नमुना किती तापला होता हे सांगणारा आमचा आकडा बरोबर असूनही त्याचा अर्थ चुकीचा लागतो. म्हणून हे पत्रक काढले आहे.

शेलमधले सेंद्रिय द्रव्य थराखाली थर गाडले जाताना हळूहळू तापते. साधारण ६० ते १५० अंश सेल्सिअसला त्यातून तेल सुटते, त्यापुढे वायू. याला लाखो, कधी कोट्यवधी वर्षे लागतात. शिलारस मात्र ११०० अंशांच्या आसपासच्या तापमानाने थरांत घुसतो आणि हेच काम भराभर उरकतो. १० मीटर जाडीची सिल निवायला काही वर्षे पुरतात, १०० मीटरच्या सिलला काही शतके, कारण जाडी दहापट झाली की वेळ शंभरपट लागतो.

हुरड्याची आगटी आठवा. निखाऱ्याला चिकटलेले कणीस करपते, जरा वरचे नेमके भाजते, कडेचे हिरवेच राहते. सिलच्या वरखाली असेच होते. आच साधारणपणे सिलच्या जाडीच्या एक तृतीयांशापासून दुपटीपर्यंत पोचते. थर पाण्याने ओले होते की कोरडे, यावरही ते ठरते, त्यामुळे एकच ठोकताळा सगळीकडे लावू नका.

आम्ही नमुना भरडून रेझिनमध्ये बसवतो, आरशासारखा पॉलिश करतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली व्हिट्रिनाईटच्या (लाकडापासून बनलेल्या सेंद्रिय द्रव्याच्या) कणांवरून परतणारा प्रकाश मोजतो. ०.६ ते १.३ टक्के म्हणजे तेलाचा टप्पा, २ च्या पुढे कोरडा वायू. सिलला लागून असलेल्या नमुन्यात आकडा ४ च्याही वर जातो, कणांत वायू निसटल्याची गोल छिद्रे दिसतात आणि पृष्ठभाग बारीक ठिपक्यांच्या नक्षीसारखा दिसतो. झारखंडमधल्या झरियाच्या खाणींत अशा भाजलेल्या कोळशाला झामा म्हणतात. तो राखाडी, कडक असतो आणि कधीकधी छोट्या खांबांसारखा फुटतो. रॉक-इव्हॅल चाचणीत नमुना तापवून त्यातून किती हायड्रोकार्बन (तेल-वायू) सुटते ते पाहतात. अशा नमुन्यात निघण्यासारखे हायड्रोकार्बन उरलेलेच नसते, त्यामुळे तिथल्या टी-मॅक्सवर (ते सर्वाधिक सुटण्याच्या तापमानावर) भरवसा ठेवू नये.

एका ग्राहकाच्या नमुन्याचा आकडा आमच्याकडे २.४ आला. अख्खा थर करपला असे समजून त्यांनी पुढचे नमुने थांबवले. नंतर ड्रिलरची वही पाहिली, तर अवघ्या चार मीटर खाली डोलेराईट होता. वरचे नमुने मागवले, ते ०.७ निघाले. पाकिटावर एक ओळ असती तर दोन महिने वाचले असते.

आच नेहमी नुकसानच करते असे नाही. ब्राझीलच्या पार्नाईबा खोऱ्यातला डेव्होनियन या प्राचीन भूशास्त्रीय काळातला शेल नुसत्या गाडले जाण्याने पुरेसा तापला नव्हता. त्याला डोलेराईटच्या सिलनी शिजवले. २०१० मध्ये सापडलेल्या गाविआँव रेआल क्षेत्रात वायू वाळूच्या खडकात साठला आहे आणि त्यावरचे झाकणही सिलचेच आहे. चूल आणि झाकण एकाच खडकाचे, हे मला या विषयातले सर्वांत विलक्षण उदाहरण वाटते. त्याच देशातल्या सोलिमोंइस खोऱ्यात जुरुआला सिल शेलच्या जवळ असल्याने मुख्यतः वायू मिळतो, तर उरुकूला ती दूर असल्याने तेलही टिकले. म्हणजे तिथेही प्रश्न अंतराचाच.

तेलाच्या वाटचालीवरही याचा परिणाम होतो. डाइकचा मधला भाग घट्ट असेल तर तो बांधासारखा तेल अडवतो. निवताना तडकलेल्या कडा मात्र वाट करून देतात. अर्जेंटिनात मेंदोसा प्रांतातल्या रिओ ग्रांदे खोऱ्यात तर तडकलेल्या सिलमधूनच तेल काढतात. आपल्या जवळचे उदाहरण गुजरातमधल्या पादराचे. तिथे सिल नाही, दख्खनच्या लाव्हाचे थर आहेत, पण तेल तशाच भेगांत साठले आहे.

कोअर नसेल, फक्त कटिंग्ज असतील, तर त्या धुऊन उन्हात पाहा. डोलेराईटचे कण काळपट-हिरवट, चाकूने सहज न ओरखडणारे असतात आणि पुष्कळदा चुंबकाकडे ओढले जातात. ड्रिलच्या पोलादाचा चुराही चुंबकाला चिकटतो, पण तो चकचकीत किंवा गंजलेला असतो. असे कण ज्या खोलीपासून ज्या खोलीपर्यंत दिसले, ते दोन्ही आकडे पाकिटावर लिहा. ओळखता आले नाही तर चिमूटभर कण वेगळ्या पुडीत टाका, त्यावर खोली लिहा. त्या पुडीची स्लाईड आम्ही करून पाहतो, तिचे वेगळे पैसे घेत नाही.