काजूचे बोंड आणि खुला नवोन्मेष

मार्च-एप्रिलमध्ये वेंगुर्ल्याकडच्या काजूबागेत सकाळी गेल्यास झाडांखाली लाल-पिवळ्या बोंडांचा सडा दिसतो. बी पिळून टोपलीत टाकायची आणि बोंड तिथेच सोडून पुढच्या झाडाकडे वळायचे, ही वेचणीची नेहमीची रीत. बोंडाचे वजन बीच्या पाच ते दहा पट भरते आणि त्यात संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असते, तरी झाडाने पिकवलेला हा मोठा वाटा आपण मातीत कुजू देतो, याची मला खरोखर खंत वाटते.

टरफलाचे मात्र तसे झाले नाही. त्यातले तेल इतके दाहक असते की बी फोडताना ते बोटांना लागले, तर कातडी सोलवटून निघते. याच तेलातल्या कार्डॅनॉलसारख्या द्रव्यांचे गुण रसायनतज्ज्ञांनी ओळखल्यावर त्यापासून रंग, राळ आणि वाहनांच्या ब्रेकचे अस्तर बनू लागले. काजू कारखानदाराला ब्रेकमधले काही कळत नव्हते आणि ब्रेकवाल्याने काजूची बाग पाहिलेली नव्हती. एकाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल झाला, तो मधल्या माणसांनी ज्ञान पोहोचवल्यामुळे.

संस्थेने बाहेरचे ज्ञान आत घ्यावे आणि स्वतःकडे पडून असलेले बाहेर जाऊ द्यावे, या पद्धतीला अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञ हेन्री चेसब्रो यांनी 2003 मध्ये ‘खुला नवोन्मेष’ असे नाव दिले. चक्रीय अर्थव्यवस्थेत, म्हणजे टाकाऊ माल पुन्हा उत्पादनात फिरवणाऱ्या व्यवस्थेत, तो अपरिहार्य ठरतो, कारण टाकणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला लागणारी माहिती सहसा एका छपराखाली नसते.

बोंडाची अडचण दुहेरी आहे. ते एका दिवसातच आंबू लागते, आणि त्यातले टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना धरून बसत असल्याने रस पिताना घसा खवखवतो. दुसऱ्या अडचणीवर उपाय सापडलेला आहे: केरळ कृषी विद्यापीठाच्या पद्धतीत रसात साबुदाण्याची पेज घालतात, टॅनिन तिच्यासह तळाशी बसते आणि वरचा निवळ रस सरबतासाठी काढून घेता येतो. तेरेखोल नदीपलीकडे गोव्यात हेच बोंड हुर्राक आणि फेणी या मद्यांसाठी वापरले जाते. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

पहिली अडचण मात्र प्रयोगशाळेत सुटणारी नाही. काजूच्या सुधारित जाती देणारे वेंगुर्ल्याचे फळसंशोधन केंद्र आणि दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ कोकणातच आहेत; पण कोणत्या आठवड्यात किती बोंडे पडतील आणि गाडी कोणत्या पाणंदीपर्यंत येईल, हे बागायतदारच सांगू शकतो. त्याचे हे ज्ञान न विचारता केवळ यंत्र आणून ठेवणे, याला मी खुलेपणा म्हणणार नाही. चार-पाच वाड्यांनी मिळून बागेजवळच रस काढला, तर बोंडे त्याच दिवशी गाळली जातील, आणि उरलेला चोथा वाळवून गुरांच्या खाद्यात किंवा गांडूळखताच्या वाफ्यात घालता येईल.