सोफ्याच्या पिना कुठे जातात?

एका सोफ्यावर कापड ताणून बसवायला शेकडो स्टेपल पिना लागतात आणि काम झाल्यावर त्यातली एकही दिसता कामा नये. हे कसे साधायचे ते कापड कापायच्या आधीच ठरवावे लागते. म्हणूनच ऑर्डर घेताना आम्ही कडांबद्दल इतके खोदून विचारतो.

बऱ्याचशा पिना आपसूकच झाकल्या जातात. बैठक, हात आणि पाठ यांची आतली बाजू आधी मढवली जाते, बाहेरची नंतर, आणि पुढचे कापड मागच्या पिनांवर बसते. अडचण शेवटच्या कापडाची, म्हणजे पाठीमागच्या भागाची. त्याच्यावर झाकायला काही उरतच नाही.

तिथे वरच्या कडेला कापड उलटे धरायचे, त्यावर साधारण 12 मिमी रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी ठेवायची आणि पिना पट्टीवरून मारायच्या. मग कापड खाली पलटले की पिना आत जातात आणि कड रेघ मारल्यासारखी सरळ येते. पट्टी वगळली तर प्रत्येक पिनेपाशी कापड खेचले जाऊन कडेला बारीक खळगे पडतात. दोन्ही उभ्या कडांना दातेरी धातूची पट्टी वापरतो: कापड दातांत अडकवायचे आणि पट्टी रबरी हातोडीने ठोकून मिटवायची. ही पट्टी गोलाईवरही वळते. कापड नाजूक असेल तर वाकड्या सुईने हातशिलाई करतो. वेळ लागतो, पण टाका दिसत नाही. खालची कड तळाशी वळवून पिना मारायच्या आणि वर काळे कापड लावायचे, की झाले.

लाकूड दिसणारी खुर्ची

कापड जिथे लाकडाला भिडून संपते तिथे पिनांची रांग उघडीच राहते. ती झाकायला लेस, दुहेरी पायपिंग (कापडाच्या पट्टीत शेजारी शेजारी दोन दोऱ्या घालून शिवलेली किनार) किंवा शोभेचे पितळी खिळे असे तीन पर्याय आहेत. आमचे मत विचाराल तर त्याच कापडाची दुहेरी पायपिंग. लेस सुंदर दिसते, पण ती नुसत्या गरम गोंदावर टिकवू नये. उन्हाच्या खिडकीशी खुर्ची असेल तर गोंद मऊ पडतो, म्हणून टोकांना आम्ही बारीक खिळे ठोकतो. पितळी खिळे एकेक करून हाताने ठोकावे लागतात. खिळ्यांची तयार पट्टीही मिळते. तिच्यात चार डोकी नकली आणि पाचवा खिळा खरा असतो. लांबून ठीक, जवळून मात्र फरक कळतो.

पायपिंगचे कापड 45 अंशांत तिरके कापतो, त्यामुळे गोलाईवर चुण्या पडत नाहीत. तुमचे कापड पट्ट्यापट्ट्यांचे असेल तर पायपिंगवर त्या पट्ट्या तिरक्या येतील. ते चालणार नसेल तर एकरंगी कापड आधीच निवडा.

रेक्झिन आणि चामड्याचा वेगळा विचार करावा लागतो. सुईचे भोक त्यात बुजत नाही. टाका उसवून पुन्हा घालायची सोय नाही, त्यामुळे काम सुरू झाल्यावर कडेचा प्रकार बदलता येणार नाही.

सोफा ताब्यात घेताना कडांवरून तळहात फिरवून पाहा. काही टोचले किंवा कोपऱ्यात कापडाचा गोळा लागला तर तिथल्या तिथे सांगा. पुढे कधी कड सुटलीच तर धागा ओढू नका आणि घरचा गोंद लावू नका. गोंद कापडातून वर आला की डाग जात नाही आणि तो अख्खा भाग बदलावा लागतो.