इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी

क्ष-किरण, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या पडद्यावर पाहत, त्वचेला सुईएवढे भोक पाडून, तारा आणि बारीक नळ्या आत सरकवून उपचार करणारी वैद्यकशाखा. बंद झालेली रक्तवाहिनी उघडणे, रक्त गळणारी रक्तवाहिनी बुजवणे, तुंबलेल्या पित्ताला किंवा लघवीला वाट करून देणे, पोटातला पू उपसणे, गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढणे, यकृतातली गाठ जागच्या जागी जाळणे ही तिची नेहमीची कामे. बहुतेक वेळा पूर्ण भूल लागत नाही, टाके पडत नाहीत आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो.

मराठी घरांत 'अँजिओप्लास्टी', म्हणजे अरुंद किंवा बंद धमनी आतून मोकळी करणे, म्हटले की डोळ्यांपुढे हृदय येते आणि हृदयरोगतज्ज्ञ येतो. वस्तुस्थिती अशी, की जगातली पहिली अँजिओप्लास्टी पायाची होती आणि ती रेडिओलॉजिस्टने केली होती. नळी, तार, स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळी), रक्तस्राव थांबवणारी गुंडाळी यांतले बरेच काही याच लोकांच्या हातून घडले आणि पुढे दुसऱ्यांच्या हाती गेले. शाखेचा इतिहास त्यामुळे शोधांचा आहे, तसाच हातून निसटलेल्या कामांचाही आहे.

अंधारातली पिढी

व्हिल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्ह्यूर्त्सबुर्ग येथे क्ष-किरण सापडले आणि काही महिन्यांतच रुग्णालयांत त्यांचा वापर सुरू झाला. पहिल्या पिढीतल्या डॉक्टरांना या किरणांची धग ठाऊक नव्हती. हॅम्बुर्गचे हाइनरिश आल्बर्स-शोनबेर्ग यांनी किरणांमुळे प्राण्यांत वंध्यत्व येते हे १९०३ मध्ये दाखवून दिले, हाडे दगडासारखी टणक होणाऱ्या आजाराचे वर्णन केले, आणि १९२१ मध्ये त्याच किरणांनी झालेल्या इजांनी ते वारले. व्हिएन्नाचे ग्विडो होल्त्सक्नेख्ट यांनी किरणांची मात्रा मोजण्याचे साधन बनवले. त्यांचाही शेवट १९३१ मध्ये किरणांमुळे झालेल्या कर्करोगाने झाला. अशा मृत डॉक्टरांचे आणि तंत्रज्ञांचे स्मारक १९३६ मध्ये हॅम्बुर्गच्या एका रुग्णालयाच्या आवारात उभे राहिले.

पडदा इतका अंधूक असे की डोळे अंधाराला सरावेपर्यंत डॉक्टरला काळोखात बसून राहावे लागे. हलती प्रतिमा उजळ करून दाखवणारी यंत्रे १९५० च्या दशकात आली, तेव्हा कुठे पडद्यावर बघत शरीरात तार फिरवणे सोयीचे झाले. तोवर, आणि खरे तर नंतरही बराच काळ, रेडिओलॉजिस्ट म्हणजे 'फोटो काढणारा डॉक्टर'. चिठ्ठी घेऊन रुग्ण यायचा, फोटो आणि रिपोर्ट घेऊन परत जायचा. इलाज दुसऱ्याचा.

सेल्डिंगर यांची तार

रक्तवाहिनीचे चित्र हवे असेल तर तिच्यात डाय, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य, सोडावे लागते. त्यासाठी नळी आत कशी घालायची? कातडी चिरून धमनी उघडी करा, किंवा नळी मावेल एवढी जाड सुई खुपसा, असे दोनच मार्ग होते. पहिल्याला सर्जन लागे, दुसऱ्यात रक्तस्रावाची भीती.

स्वेन-इव्हार सेल्डिंगर (१९२१–१९९८) हे स्वीडनमधील मोरा गावचे. घरचा पिढीजात यंत्रशाळेचा धंदा. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का रुग्णालयात शिकत असताना त्यांना सुचलेली युक्ती अशी : बारीक सुई धमनीत घाला, सुईतून लवचीक तार आत सोडा, सुई काढून घ्या, आणि दोऱ्यावर मणी ओवावा तशी नळी तारेवरून आत सरकवा. नळी जागेवर पोचली की तार ओढून घ्या. भोक सुईएवढे आणि नळी त्यात घट्ट बसणारी. १९५३ मध्ये हा लेख 'आक्टा रेडिओलॉजिका' या नियतकालिकात आला. सेल्डिंगर यांच्या वरिष्ठांना एवढे काम डॉक्टरेटच्या प्रबंधाला पुरेसे वाटले नाही. त्यांनी मग पित्तनलिकांच्या चित्रणावर प्रबंध लिहिला आणि पुढे मोराला परतून तिथल्या रुग्णालयाचा क्ष-किरण विभाग सांभाळला.

प्रबंधाला न पुरलेली ही युक्ती आज अतिदक्षता विभागात मानेतल्या शिरेत 'लाइन', म्हणजे औषधाची नळी, टाकताना, मूत्रपिंडात नळी बसवताना, छातीतले पाणी काढताना, सगळीकडे जशीच्या तशी वापरली जाते. बहुतेक निवासी डॉक्टर ती सेल्डिंगर हे नाव ऐकण्याआधीच हाताने शिकलेले असतात.

चार्ल्स डॉटर

या शाखेचा जनक म्हणून ज्यांचे नाव घेतात ते चार्ल्स डॉटर (१९२०–१९८५) मूळचे बॉस्टनचे. वयाच्या ३२ व्या वर्षी, १९५२ मध्ये, ते अमेरिकेच्या पोर्टलंड शहरातील ओरेगन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रेडिओलॉजीचे विभागप्रमुख झाले आणि मरेपर्यंत, म्हणजे ३३ वर्षे, त्या खुर्चीवर राहिले. माणूस अफाट. गिर्यारोहक, पक्षिनिरीक्षक, यंत्रवेडा. गिटारच्या तारा आणि मोटारीच्या स्पीडोमीटरची केबल यांपासून ते शरीरात फिरवायच्या तारा बनवत. हॉजकिनच्या आजाराशी, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाशी, झुंजत असतानाही त्यांनी डोंगर चढणे सोडले नाही.

१९६३ मध्ये एका रुग्णाच्या महाधमनीचे चित्र काढताना त्यांची नळी कटिभागातल्या बंद पडलेल्या धमनीतून चुकून आरपार गेली आणि रस्ता मोकळा झाला. दुसऱ्या कोणी 'बरे झाले, निभावले' म्हणून विषय सोडला असता. डॉटर यांनी त्यात उपचार पाहिला. त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियातील कार्लोव्ही व्हारी येथील परिषदेत त्यांनी नळी हे केवळ चित्र काढायचे साधन नसून शस्त्रक्रियेला पर्याय ठरू शकते, असे मांडले.

संधी १६ जानेवारी १९६४ रोजी आली. ८२ वर्षांची एक स्त्री, पायाला गँगरीन, सर्जनांचे मत पाय कापण्याचे, आणि तिचा ठाम नकार. मांडीतल्या धमनीत एकच छोटी अरुंद जागा होती. डॉटर यांनी तिच्यातून तार पलीकडे नेली, तीवरून आधी बारीक आणि मग त्यावरून जाड अशा टेफ्लॉनच्या नळ्या सरकवल्या. फुगा नव्हता, स्टेंट नव्हता. नळीच्या जाडीनेच वाट रुंद झाली. काही मिनिटांत पाय गरम झाला, पुढे जखम भरली. दुसऱ्याच आजाराने मृत्यू येईपर्यंत ती बाई स्वतःच्या दोन्ही पायांवर चालत होती. त्या वर्षाअखेर डॉटर आणि त्यांचे सहकारी मेल्विन जडकिन्स यांनी पहिल्या काही रुग्णांचा अनुभव 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात छापला.

अमेरिकेतल्या सर्जनांना हे रुचले नाही. डॉटर यांना 'वेडा चार्ली' म्हणत. एका सर्जनने तपासणीच्या अर्जावर, धमनी दाखवा पण दुरुस्त करायला जाऊ नका, असे ठळक अक्षरांत लिहून रुग्ण पाठवला, ही गोष्ट या व्यवसायात आजही रंगवून सांगितली जाते. युरोपात मात्र पद्धत रुजली. डच भाषेत अँजिओप्लास्टी करण्याला आजही 'डॉटरन' म्हणतात. घरात डॉटर कोण हे कुणाला ठाऊक असो वा नसो.

नळ्या बनवणारा भिडूही डॉटर यांनी शोधला. १९६३ मध्ये शिकागोतल्या परिषदेत बिल कुक हा नवखा उद्योजक टेफ्लॉनच्या नळ्या आणि ज्योतीचा दिवा घेऊन बसला होता. डॉटर यांनी त्याचा दिवा आणि नळी रात्रीपुरती मागून नेली आणि सकाळी दहा तयार कॅथेटर, म्हणजे शरीरात सरकवायच्या नळ्या, आणून दिले. कुकची इंडियानातली कंपनी पुढे या सामानाच्या मोठ्या उत्पादकांत गणली गेली.

डॉटर यांच्या भोवतीचे आणि नंतरचे

जडकिन्स आधी साधे जनरल प्रॅक्टिशनर होते. उशिरा रेडिओलॉजीकडे वळले. हृदयाच्या धमन्यांच्या तोंडात आपसूक बसतील अशा आधीच वळण दिलेल्या नळ्या त्यांनी १९६७ मध्ये मांडल्या. कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अशा नळ्या घालण्याच्या खोलीत, 'जेआर फोर द्या' असे ऐकू येते त्यातला 'जे' जडकिन्स यांचाच.

प्रागहून १९६७ मध्ये पोर्टलंडला आलेले योसेफ रॉश (१९२५–२०१६) यांची देणगी दोन तऱ्हेची. मानेच्या शिरेतून यकृतात उतरून, यकृताच्याच मांसातून दोन शिरा जोडणारा बोगदा पाडायचा आणि सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत निबर झालेल्या, रुग्णाच्या पोटातल्या शिरांवरचा दाब उतरवायचा, ही कल्पना त्यांनी १९६९ मध्ये प्राण्यांवर करून दाखवली. बोगदा बुजत असे. धातूचे स्टेंट येईपर्यंत जवळजवळ वीस वर्षे ती थांबून राहिली. दुसरी देणगी उलट्या दिशेची : वाहती धमनी शोधून तीच बुजवायची. जठरातल्या रक्तस्रावावर रुग्णाच्याच रक्ताच्या गुठळीने केलेला हा प्रयोग रॉश आणि डॉटर यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. इटलीतून अमेरिकेत गेलेल्या चेझारे जॅन्टुर्को यांनी १९७५ मध्ये त्यासाठी लोकरीच्या धाग्यांची शेपटी असलेली पोलादी गुंडाळी बनवली.

मूळचे ऑस्ट्रियाचे कुर्ट अँप्लाट्झ मिनेसोटात स्थिरावले. हृदयाच्या पडद्यातले छिद्र मांडीतून जाऊन बुजवणारी निकेल-टायटेनियमच्या जाळीची चकती त्यांची. आपल्याकडे 'बाळाच्या हृदयाला छत्री बसवली' म्हणतात ती याच कुळातली. अर्जेंटिनाचे हुलिओ पाल्माझ यांनी १९७८ मध्ये न्यू ऑर्लिन्सला, धमनीत फुगा फुगवून ती उघडणाऱ्या आंद्रेआस ग्रुंटझिग यांचे भाषण ऐकले आणि फुग्याने उघडलेली वाट पुन्हा मिटू नये म्हणून आत आधार हवा, हे त्यांच्या मनात बसले. गवंडी गिलाव्याखाली ठोकतात तसली पत्र्याची जाळी गॅरेजमध्ये दिसली, तिच्यावरून त्यांना फुगवता येणाऱ्या स्टेंटची घडण सुचली. पेटंट १९८८ मध्ये मिळाले.

ग्रुंटझिग स्वतः रेडिओलॉजिस्ट नव्हते. जर्मनीत डॉटर यांची पद्धत चालवणाऱ्या एबरहार्ड झाइटलर यांच्याकडे त्यांनी ती पाहिली, झुरिकमध्ये घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर फुगे तयार केले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी हृदयाची पहिली अँजिओप्लास्टी केली. अँजिओप्लास्टी हा शब्द त्या दिवसापासून हृदयाचा होत गेला. १९८५ या एकाच वर्षात डॉटर, जडकिन्स आणि विमान अपघातात ग्रुंटझिग असे तिघेही गेले.

मुंबईतला क्षय आणि बुजवलेल्या धमन्या

जुन्या क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसातून कधीकधी अचानक खोकल्यावाटे तांब्याभर रक्त पडते. रुग्ण रक्त गेल्याने नव्हे, तर श्वासनलिका रक्ताने भरून गुदमरून मरतो. आणि फुप्फुस इतके खराब असते की शस्त्रक्रिया झेपत नाही. फ्रान्समधील लिल येथील जाक रेमी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी यावर ब्राँकियल, म्हणजे श्वासनलिकांना रक्त देणाऱ्या, धमन्या बुजवण्याचा उपाय काढला. जांघेतून नळी महाधमनीत, तिथून दोन-तीन मिलिमीटरच्या धमनीच्या तोंडात, आणि मग जिलेटिनच्या स्पंजाचे किंवा प्लास्टिकचे बारीक कण. धोका एकच, पण मोठा : याच धमन्यांतून कधी मज्जारज्जूला रक्त देणारी फांदी निघते. ती बुजली तर कमरेखाली लकवा. म्हणून डाय सोडून चित्र नीट बघितल्याशिवाय कण सोडत नाहीत.

क्षयाच्या देशात या उपचाराची किंमत वेगळी. परळच्या केईएम रुग्णालयात रवी रामकांतन आणि सहकाऱ्यांनी क्षयामुळे मोठा रक्तस्राव झालेल्या १४० रुग्णांचा अनुभव १९९६ मध्ये 'रेडिओलॉजी' या अमेरिकी नियतकालिकात मांडला. महापालिकेच्या रुग्णालयातले, बहुतांशी गरीब रुग्ण. आणि जगभरच्या रेडिओलॉजिस्टांनी वाचावा असा लेख. लेखकांपैकी हेमंत देशमुख पुढे केईएमचे अधिष्ठाता झाले.

हक्काचा प्रश्न

'इंटरव्हेन्शनल' हे विशेषण १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अलेक्झांडर मार्गुलिस यांनी एका संपादकीयात वापरले. पुढच्याच वर्षी डॉटर यांनी आपल्या व्यवसायबंधूंना बजावले, की रुग्णाची जबाबदारी अंगावर घेतली नाही तर आपण महागडे प्लंबर होऊन बसू; यंत्रे दुसऱ्यांनाही विकत मिळतात आणि कसब दुसऱ्यांनाही शिकता येते. प्लंबरची उपमा त्यांना आवडायची, पाइप आणि पाना हे त्यांनी गमतीने आपले चिन्हच केले होते. इशारा मात्र गमतीचा नव्हता.

झालेही तसेच. रेडिओलॉजिस्टकडे स्वतःची ओपीडी नव्हती, वॉर्डात खाटा नव्हत्या. रुग्ण ज्याचा, उपचार त्याचा. हृदयाच्या धमन्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेल्या, पायाच्या बऱ्याच रक्तवाहिनी-सर्जनांकडे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत न्यूरोसर्जन आणि न्यूरॉलॉजिस्टही उतरले. पक्षाघातात मेंदूतली गुठळी नळीने ओढून काढण्याची उपयुक्तता २०१५ मध्ये एकापाठोपाठ आलेल्या पाच चाचण्यांनी सिद्ध केल्यावर ती चढाओढ वाढलीच. यकृताच्या गाठीची धमनी बुजवून तिथेच औषध सोडणे, जी पद्धत ओसाकाच्या र्‍युसाकू यामादा यांनी घडवली, मात्र अजून बहुतांशी रेडिओलॉजिस्टकडेच आहे. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या (कर्करोग नसलेल्या गाठींच्या) धमन्या बुजवण्याचेही तेच.

अमेरिकेत २०१२ मध्ये या विषयाला स्वतंत्र मूळ विशेषशाखेची मान्यता मिळाली. भारतात रेडिओलॉजीची एमडी किंवा डीएनबी ही तीन वर्षांची पदवी घेतल्यावर इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत डीएम किंवा डीआरएनबी ही त्यापुढची अतिविशेष पदवी करता येते. या शिक्षणात आता ओपीडी आणि वॉर्डातली फेरीही येते. रुग्णाला कॅथ लॅबच्या टेबलावर घेण्याआधी हाच डॉक्टर त्याच्या पावलावरची नाडी बोटांनी चाचपून पाहतो, आणि आठवड्याने पुन्हा पाहायला त्याला स्वतःच्याच चिठ्ठीवर बोलावतो.