अहमदाबाद प्रयोग

कापड गिरणीतील काम एकेकट्या कामगारास वाटून न देता कामगारांच्या लहान गटांकडे सोपविल्यास उत्पादनावर आणि कामगारांच्या मनावर काय परिणाम होतो, हे तपासणारा औद्योगिक मानसशास्त्रातील एक प्रसिद्ध प्रयोग. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट ऑफ ह्यूमन रिलेशन्स या संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिल्समध्ये, तेथील व्यवस्थापनाचे सल्लागार या नात्याने, तो सुरू केला. याच संस्थेच्या एरिक ट्रिस्ट व केन बॅमफोर्थ यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधील कोळसा खाणींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. नवे यंत्र आले की त्याभोवतीची माणसांची जुनी घडी मोडते आणि ती नव्याने बसवल्याशिवाय यंत्राचा पुरता लाभ मिळत नाही, हा त्यातील विचार राइस यांच्यासमोर होता.

कॅलिकोत स्वयंचलित माग (मुंबईच्या गिरणगावात मागाला ‘साचा’ म्हणत) बसविले गेले, तरी उत्पादन अपेक्षेइतके वाढेना आणि कापडातील दोष कमी होईनात. २२४ मागांच्या एका खात्यात २९ कामगार होते आणि त्यांची कामे १२ प्रकारांत विभागलेली होती. तुटलेला धागा जोडणारा विणकर २४ किंवा ३२ माग पाही, मागाच्या बॅटरीत (सुताच्या कांड्यांचा साठा ठेवणाऱ्या भागात) कांड्या भरणाऱ्याकडे मात्र ४० ते ५० माग असत. तेल घालणारा, झाडणारा, कापड वाहणारा यांच्या वाटण्या आणखी निराळ्या. त्यामुळे कोणत्याही दोन कामगारांची हद्द एकमेकांशी जुळत नसे. एका मागावर खोळंबा झाला तर तो कोणाचा, हे सांगता येत नसे आणि शेजाऱ्याच्या मदतीस धावण्याचे कोणाला कारणही नसे. आळस किंवा अपुरे वेतन यांवर ठपका ठेवणे सोपे होते. राइस यांनी दोष कामाच्या मांडणीत शोधला, आणि प्रयोगाचे खरे महत्त्व याच निदानात आहे.

त्यांनी सुचविलेली योजना साधी होती: ठरावीक मागांचा एक संच आणि त्या संचाची सगळी कामे मिळून करणारा एक गट. ६४ मागांमागे सात कामगार असे प्रमाण धरले गेले. ही कल्पना कानावर पडताच पर्यवेक्षक व कामगार यांनी ती आपली म्हणून उचलली आणि कामगारांनी आपापले गट परस्परांच्या पसंतीने स्वतःच जमविले. व्यवस्थापनाने या निवडीत हात घातला नाही. नेतृत्वाच्या दृष्टीने हा संयम योजनेइतकाच मोलाचा होता. सुरुवातीस उत्पादन वाढले, पण मागांच्या देखभालीकडे दुर्लक्ष होऊन सदोष कापडही वाढले. मग गटांनी देखभालीची व्यवस्था सुधारली. घडी बसल्यावर कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले.

मराठी वाचकास येथे मुंबईचा १९२८ चा सार्वत्रिक गिरणी संप आठवणे स्वाभाविक आहे. तेथेही एका विणकराकडे दोनऐवजी तीन साचे देण्यासारख्या योजनांवरून असंतोष पेटला होता; त्या योजना वरून लादलेल्या होत्या आणि त्यांत रोजगार जाण्याची भीती होती. अर्थात अहमदाबादच्या एका खात्यातील प्रयोग व हजारो कामगारांचा संप यांची बरोबरी करता येत नाही.

प्रयोगावर आक्षेपही घेतले गेले. गट पद्धतीबरोबर कामगारांच्या कमाईतही बदल झाला होता आणि तुलनेसाठी स्वतंत्र नियंत्रित गट काटेकोरपणे ठेवलेला नव्हता. त्यामुळे वाढीचे श्रेय एकजुटीस किती व पैशास किती, हे निश्चित सांगता येत नाही. आक्षेप रास्त आहे. तरीही वाढत्या कमाईने कार्यक्षमता का वाढली हे कदाचित समजते, पण कामगारांनी काही तासांतच आपण होऊन गट का बांधले याचा उलगडा होत नाही.

टॅव्हिस्टॉकचे एरिक मिलर यांनी १९७० मध्ये याच गिरणीत पुन्हा पाहणी केली. गट पद्धती पुढे साध्या, म्हणजे स्वयंचलित नसलेल्या, मागांकडेही नेली गेली होती; त्यांच्या एका खात्यात ती जवळजवळ मूळ स्वरूपात टिकून होती. स्वयंचलित मागांकडे मात्र ती बरीच विरली होती आणि कामगार पुन्हा आपापल्या ठरलेल्या कामापुरते पाहू लागले होते.